मनिलातला फ्रेझर, पुन्हा एकदा

(दृश्य : जुनी चित्रफीत. दोन्ही कॉर्नर. स्टुलावर बसलेला जो फ्रेझर.)

1 ऑक्टोबर 1975. फिलिपाइन्स, मनिलाला लागून असलेल्या केझॉन सिटीतलं अरानेटा कॉलिझियम. मुष्टियुद्धातल्या हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची होती. चौदावी संपली आणि फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फुच यांनी लढत थांबवायला सांगितलं. मुहम्मद अली जिंकला. नोंदीत एवढंच आहे.

ही गोष्ट सांगताना अलीच्या वाट्याला डोकं येतं आणि फ्रेझरच्या वाट्याला छाती. मार खाल्ला पण मागे हटला नाही, मर्द गडी! आपल्या सोलापुरात तालमीच्या कट्ट्यावर विषय निघाला तर हेच ऐकाल. या कौतुकात फ्रेझरवर अन्याय होतो, असं आमचं म्हणणं आहे. छाती होतीच. पण मधल्या फेऱ्यांत तो जे लढला ती पहिल्या प्रतीची कारागिरी होती, आणि ती त्याने जवळजवळ एका डोळ्यावर केली.

फ्रेझरच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्या डोळ्याने नीट दिसत नाही, हे तो लपवत आला होता. जगाला त्याने ते सांगितलं थेट 1996 साली, आत्मचरित्रात. लढतीची पहिली वर्णनं छापून आली तेव्हा ही बाब त्यांत नव्हती, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच वर्णनांवरून रचल्या गेल्या.

(दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. बाहेर यंत्रमागांची खटखट. पत्र्याच्या छताखाली सराव.)

एक डोळा नसणं म्हणजे रिंगमध्ये नेमकं काय, ते बघायला आम्ही इथे आलो. सरांनी एका पोराच्या डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि हातात पॅड घेतले. डावा पाय पुढे, डावा खांदा पुढे. पोराचे जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, बसतात, पण मधूनच एखादा पॅडच्या चार बोटं अलीकडे थांबतो. अंतराचा अंदाजच येत नाही. मग सरांनी उजव्या हाताचं पॅड सावकाश त्याच्या डाव्या गालाकडे आणलं. पोराची मान हललीसुद्धा नाही.

‘का बे, झोपला काय?’

‘नाही ओ सर, दिसंनाच. नाक आडवं येतंय.’

समोरच्याचा उजवा ठोसा आपल्या डाव्या अंगाने येतो. डावा डोळा अधू असला की उजव्याला नाकावरून पलीकडे बघावं लागतं. आणि अलीचा उजवा हात तर त्या दिवशी सारखा सुटत होता.

(दृश्य : चित्रफीत. पाचवी, सहावी फेरी.)

यावर फ्रेझरने काढलेला तोडगा नीट बघा. तो लांब उभाच राहत नाही. गुडघ्यात वाकून, डोकं एका जागी न ठेवता आत घुसतो आणि कपाळ अलीच्या छातीला टेकवतो. तिथे अंतर डोळ्याने मोजावं लागत नाही, अंगाला कळतं. अली सव्वासहा फूट, हा जेमतेम सहा फूट. हाताची लांबीही अलीचीच जास्त. आत गेलं की ती लांबी अलीच्याच अडचणीची होते. मग फ्रेझरचे ठोसे बरगड्यांवर, कमरेच्या वर. अलीचे कोपर खाली आले की डावा हूक, कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, डोक्याला. लहानपणी मोडलेला फ्रेझरचा तो हात नीट जुळला नव्हता, पुरता सरळ होत नसे. हूकला तो सरळ व्हावाही लागत नाही. सहाव्या फेरीत असे हूक अलीच्या जबड्यावर बसलेत, आणि अली पडला नाही याचं श्रेय अलीलाच द्यायला हवं.

यात फुच यांचाही हात आहे. या दोघांच्या आधीच्या, 1974 च्या लढतीत अली फ्रेझरची मान दाबून धरत राहिला आणि रेफ्रीने चालवून घेतलं. या वेळी फुच रेफ्रीच्या निवडीबाबत अडून बसले. कार्लोस पाडिया आले, आणि त्यांनी मानेवरचा हात झटकायला लावला.

परीक्षकांची आकडेवारी मात्र आमच्या विरोधात जाते, ती लपवणार नाही. चौदा फेऱ्यांनंतर तिघांच्याही कार्डावर अली पुढे होता : 66-60, 66-62, 67-62. आम्ही फेरीगणिक गुण मांडले तेव्हा पहिल्या चार अलीच्या, शेवटच्या तीन अलीच्या आणि मधल्या बहुतेक फ्रेझरच्या निघाल्या. अकरावी संपली तेव्हा लढत बरोबरीत होती, असं आमचं मत.

मग बाराव्या फेरीत काय बदललं? दम संपला, हे खरंच. अमेरिकेत रात्री दिसावी म्हणून लढत मनिलातल्या सकाळी पावणेअकराला लावलेली. कोंदट हवा, वर दिव्यांचा उकाडा. वैशाखात सोलापुरात पत्र्याखाली घाम गाळलेल्याला जास्त सांगायला नको. पण दम दोघांचाही संपला होता. फरक डोळ्याने पाडला. फ्रेझरचा चांगला, उजवा डोळा सुजून मिटत आला आणि उरला तो मोतीबिंदूवाला. तेराव्या फेरीत त्याच्या तोंडातलं दातांचं कवच उडून प्रेक्षकांत पडलं. चौदाव्या फेरीत अलीचे उजवे ठोसे एकामागून एक बसताना बघा : फ्रेझर मान काढत नाही, कारण त्याला ठोसा दिसतच नाही. हे माघार घेणं नव्हतं आणि हे वेडं धाडसही नव्हतं. जी पद्धत त्याने अकरा फेऱ्या चालवली, तिला लागणारी शेवटची गोष्ट संपली होती.

आपल्याकडे निकाली कुस्तीत पाठ मातीला लागेपर्यंत हार नसते. त्या दिवशी दोघांपैकी एकही जण एकदाही खाली पडला नाही. तरी फुच यांनी थांबवलं, आणि ते योग्यच केलं. रिंगमधल्या माराने माणसं दगावलेली त्यांनी पाहिली होती. फ्रेझर उठू लागला, मला तो पाहिजे म्हणाला. फुच यांनी त्याला बसवलं : आज तू इथे जे केलंस ते कोणी विसरणार नाही, पोरा.

पलीकडे अली विजयाचा हात वर करून उभा राहिला आणि तिथेच खाली कोसळला. मरणाच्या इतकं जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं नंतर त्यानेच सांगितलं. त्याला तिथवर नेणारा माणूस नुसता मार खाणारा कसा असेल?

ही लढत पुन्हा बघणार असाल तर सहावी फेरी लावा. समालोचन बंद करा, अलीला बघू नका. फ्रेझरचं कपाळ कुठे टेकतंय आणि त्यानंतर त्याचा डावा हात कुठून सुटतोय, तेवढंच बघा.