रूळ नसलेलं जंक्शन

श्रोतेहो, नमस्कार.

भुसावळ म्हटलं की डोळ्यांसमोर आधी स्टेशन येतं, मग गाव. गाड्या तिथे थांबायच्या, इंजिनं बदलायची, यार्डात हजारो माणसं कामाला लागायची. त्या थांब्यावर गाव पोसलं गेलं. आज मी बोलणार आहे ते अशाच एका जंक्शनविषयी, पण तिथे रूळ नाहीत. ते आहे दुबई, आणि ते जंक्शन उभं केलं तिथल्या सरकारी विमान कंपनीने, एमिरेट्सने.

दुबई तेलावर श्रीमंत झाली, असं आपण सहज म्हणून जातो. तेल सापडलं 1966 मध्ये, हे खरं. पण शेजारच्या अबुधाबीच्या मानाने साठा अगदी थोडा, आणि तो पुरणार नाही हे राज्यकर्त्यांनी लवकर ओळखलं. तेलाचा पैसा त्यांनी बंदरांत आणि विमानतळात घातला. मुळात ते खाडीकाठचं व्यापारी गाव. 1966 पर्यंत तिथे आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपयाच चालायचा, इतका मुंबईशी घरोबा!

ऐंशीच्या दशकात गल्फ एअर या विमान कंपनीने दुबईच्या फेऱ्या कमी केल्या. व्यापारावर जगणाऱ्या शहराच्या दृष्टीने ही गळचेपीच. मग दुबई सरकारने स्वतःची कंपनी काढली. भांडवल 1 कोटी डॉलर, आणि पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेली दोन विमानं. 25 ऑक्टोबर 1985 ला पहिलं विमान कराचीला गेलं. मुंबई आणि दिल्लीच्या फेऱ्याही त्याच वर्षी सुरू झाल्या.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरची कंपनी निघाली म्हणून दुबईने इतरांना दार लावलं नाही. विमानतळ सगळ्या देशांच्या विमानांना मोकळाच राहिला. आपल्या कंपनीने त्यांच्या स्पर्धेत तगून दाखवायचं होतं. शहरात माणसं आणि माल येत राहणं हा मूळ हेतू. कंपनी हे त्याचं साधन. सरकारी कंपनी काढणारे बहुतेक जण नेमकं हेच विसरतात आणि शहरापेक्षा कंपनीलाच जपत बसतात.

आता जंक्शनचं गणित बघा. दहा शहरं एकमेकांना थेट जोडायची तर पंचेचाळीस मार्ग लागतात. मधे एक थांबा धरला, तर दहा मार्गांत काम भागतं. म्हणून मध्यरात्रीनंतर दुबईत आशियाकडून विमानांची रांग लागते, माणसं उतरतात, आणि सकाळी युरोपकडे पांगतात. पूर्वी मुंबईहून ग्लासगोला जायचं तर लंडन गाठावं लागे. आता दुबईत विमान बदललं की थेट ग्लासगो. प्रवाशांच्या पायाखाली, विमानाच्या पोटात, माल असतो. हंगामात त्यात आपल्या हापूसच्या पेट्याही असतात.

2013 साली दुबईच्या एकूण उत्पन्नाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग विमान व्यवसाय आणि त्याच्या आधाराने येणाऱ्या पर्यटनातून आला, असा अंदाज एका अभ्यासात मांडला होता. यात हॉटेलं आली, टॅक्सीवाले आले, गोदामं आली, विमानात जेवण पुरवणारी स्वयंपाकघरं आली. 2024 मध्ये त्या विमानतळावर 9 कोटी 23 लाख प्रवासी मोजले गेले. शहराची वस्ती मात्र तेव्हा चाळीस लाखांच्या आतच होती.

आणि त्या वस्तीत बहुसंख्य बाहेरचेच. खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या कितीतरी घरांवर आखातातल्या पैशाने स्लॅब पडला, मुलांची शिक्षणं झाली. पण हे शहर ज्यांच्या घामावर उभं राहिलं, त्या मजुरांना तिथे संघटना करण्याचा हक्क नाही, आणि नोकरी सुटली की परतीचं तिकीट ठरलेलं. दुबईचं कौतुक करताना हे गाळणं मला योग्य वाटत नाही.

एकाच व्यवसायावर एवढी भिस्त ठेवण्यात धोकाही आहे. 2020 मध्ये कोरोनामुळे आकाश बंद झालं आणि शहराचा श्वासच कोंडला. त्या आर्थिक वर्षात कंपनीला साडेपाच अब्ज डॉलरचा तोटा झाला. सरकारने तिजोरीतून तीन अब्जांहून जास्त डॉलर ओतून ती तगवली. पुढे नफा सुरू झाला, तसा सरकारला लाभांशही मिळू लागला.

2024 च्या एप्रिलमध्ये दुबईने पुढचं पाऊल जाहीर केलं: शहराच्या दक्षिणेला अल मक्तूम विमानतळावर 128 अब्ज दिरहमचं नवं टर्मिनल बांधायचं, आणि सगळी वाहतूक हळूहळू तिकडे न्यायची. त्याच्याभोवती लाखो माणसांच्या राहण्याची सोय असलेलं नवं शहरही आखलं जातंय. म्हणजे पुन्हा भुसावळच झालं. जंक्शनसाठी जागा आधी ठरली, गाव मागाहून येणार.

श्रोतेहो, आज इथेच थांबतो. नमस्कार.