राणीला एकटं राहू द्या

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडे म्हणतात. नरांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. मीलन झालं की ते लवकरच मरतात. राणीचा संसार मात्र त्याच संध्याकाळी सुरू होतो. मुंग्या पाळायच्या असतील तर आपणही तिथूनच सुरुवात करायची.

पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. वळवाचा किंवा मृगाचा चांगला पाऊस झाला, की वेताळ टेकडीच्या आसपासच्या सोसायट्यांत दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा सडा पडतो. त्यातले पुष्कळसे वाळवीचे असतात. चारही पंख सारखे आणि कंबर जाड, तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकवलेल्या हातासारख्या, तर ती मुंगी. (मुंग्यांचं म्हणून आपण दाखवतो ते वारूळही मुळात वाळवीनंच बांधलेलं असतं.) आपल्याला हवी ती पंख गाळून भिंतीच्या कडेनं एकटीच धावणारी, भरदार छातीची, काळ्या मुंगळ्यांची राणी. बीळ खणून राणी काढू नका, कधीही नाही. तिच्या जिवावर उभं असलेलं अख्खं घर त्यात संपतं.

काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये तळाला पाणी घ्यायचं, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाशी दुसरा बोळा. वरून काळा कागद गुंडाळून ट्यूब कपाटात आडवी ठेवायची. झालं. खायला काही द्यायचं नाही. पंख गेले, आता उडायचं नाही, म्हणून उडण्याचे स्नायू ती शरीरातच विरघळवते आणि त्यावर पहिली पिल्लं वाढवते. त्या एका संध्याकाळी मिळालेलं बीज पोटातल्या पिशवीत जपून ती आयुष्यभर अंडी घालते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी त्या ट्यूबकडे बघत बसलो होतो.

आणि हे बघत बसणंच नडतं. माझ्या पहिल्या राणीला मी रोज रात्री टॉर्च मारून पाहायचो. आठवडाभरात अंडी दिसेनाशी झाली. तिनं ती खाल्ली होती. घाबरलेली राणी तेच करते. आठवड्यातून एकदा, अर्धा मिनिट, एवढंच बघा. पहिल्या कामकरी मुंग्या यायला दीड महिना धरून चाला. त्या इवल्याशा असतात, कारण आईच्या अंगातल्या शिदोरीवरच त्या पोसलेल्या असतात.

त्यानंतर मात्र खायला हवं. साखरपाण्याचा एक थेंब आणि मेलेल्या किड्याचा तुकडा पुरतो, पण फवारा मारून मेलेलं झुरळ चुकूनही देऊ नका. साखरपाणी प्यायलेल्या मुंगीचं पोट ताणून त्यावर पट्टे दिसू लागतात. मग ती बहिणीच्या तोंडाला तोंड लावून तो घास तिला देते. हे भिंगातून जरूर बघा. परदेशी जाती मात्र मागवू नका. सुटल्या तर आपल्या टेकड्यांवर काय करतील याचा भरवसा नाही.

जॉन लबक या इंग्रज अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकात काचांच्या मध्ये मुंग्या पाळल्या होत्या. त्याची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. यंदाच्या पावसात सहावीतल्या मुलानं राणी आणली, तर तो नोकरीला लागेपर्यंत ती घरात असू शकते. ट्यूब कपाटात ठेवण्याआधी घरच्यांना तेवढं सांगून ठेवा.