वारा वाढायच्या आधी

मुंबई बंदराचं तोंड, प्रॉन्ग्स दीपगृहाच्या बाहेर. एप्रिलची दुपार कलली की वायव्येचा वारा असा भरतो. सकाळी जिथे शीड लोंबत होतं, तिथे आता पाण्यावर पांढरा फेस उठलाय. बोट आठ मीटरची, माणसं तीन.

सुकाणूवरचा हात बघा. ती दांडा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढतेय, तरी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडेच वळतेय. बोट इतकी कललीय की सुकाणूचं पातं अर्धं पाण्याबाहेर आलंय. काठावरून बघणाऱ्याला हा वेग वाटतो. बोट मात्र सांगतेय, शीड जास्त झालंय.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचा वारा ३० नॉट झाला, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, की शिडावरचा दाब चौपट होतो. हातांतली ताकद तेवढीच राहते. म्हणून 'शीड कमी करू का?' हा प्रश्न मनात आला की लगेच करायचं.

(रीफ घेण्याचं, म्हणजे शीड थोडं उतरवून लहान करण्याचं दृश्य, न कापता)

मेनसेलचा, म्हणजे मुख्य शिडाचा, शीट आधी सैल सोडला. शीट म्हणजे बूमला, शिडाच्या तळाच्या आडव्या काठीला, आवरणारा दोर. शीड फडफडतंय. आवाजाने दचकू नका, फडफडणाऱ्या शिडात जोर नसतो. पुढचं लहान शीड, जिब, भरलेली आहे, म्हणून बोट चालती राहते आणि सुकाणूचं ऐकते. डोलकाठीपाशी तो हॅलयार्ड, शीड वर चढवणारा दोर, थोडा थोडा खाली सोडतोय. शिडाच्या पुढच्या कडेची कडी बूमच्या मुळाशी हुकात अडकली. हॅलयार्ड पुन्हा ताणला, अगदी कडक. आता मागच्या कडेचा रीफचा दोर, बूमच्या टोकाला भिडेपर्यंत. क्रम लक्षात ठेवा: पुढची कडा आधी, मागची नंतर. उलट केलं तर कापड फाटू शकतं. उरलेलं शीड बूमला सैलसर बांधलं, शीट ओढला.

बोट सावरली. वेग जवळजवळ तेवढाच आहे, आणि दांडा आता एका हातात मावतोय.

हे काम बोट धक्क्याला बांधलेली असताना शिकवायला हवं, डोळे मिटून हात चालेपर्यंत. शिडं शिकवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पहिला धडा हाच असावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

त्याच्या छातीवर हार्नेस आहे, आणि त्याचा दोर डेकवर ताणलेल्या पट्टीला अडकवलाय. पाण्यात पडलेल्याचं डोकं लाटांत फार लवकर दिसेनासं होतं.

लाट कुशीवर घ्यायची नाही. चढताना नाळ किंचित वाऱ्याकडे, माथा ओलांडताना किंचित बाजूला, म्हणजे बोट आपटत नाही. वारा पाठीशी घेऊन परतताना सगळं शांत भासतं, पण तिथेच बूम अचानक या बाजूची त्या बाजूला येते. म्हणून वारा अगदी पाठीवर न घेता थोडा तिरका घ्या, आणि डोकं खाली ठेवा.

(तारिणीची दृश्यं)

गोव्यात बांधलेली ५६ फुटी शिडाची नौका, तारिणी. २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. यांनी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एवढी शिडं आणि माणसं दोनच. इथे शीड वेळेत उतरवण्याला पर्याय नाही.

ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट या शिडांच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या. वादळात १५ स्पर्धक गेले. खलाशांनी २४ बोटी सोडून दिल्या, त्यांतल्या बुडाल्या ५ च. बोट तरंगतेय तोवर तिच्यावरच राहा.

(खाडीचं तोंड, फुटणाऱ्या लाटा)

घरी परतताना घाई होते ती इथे. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय, वारा आत चाललाय, आणि वाळूच्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहून फुटतायत. आत्ता आत शिरायचं नाही. बाहेर खोल पाण्यात हीव्ह-टू करायचं, म्हणजे शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून बोट जवळजवळ थांबवायची: जिब उलट्या बाजूला ताणलेली, मेनसेल रीफ केलेलं, सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधलेला. बोट संथ वाहत राहते. तेवढ्यात चहा होतो, नकाशा बघून होतो. भरती बरीच चढली आणि पट्ट्यावरच्या लाटा बसल्या, की रीफ न सोडता आत यायचं.