सराव पाठ आणि विशेष शिक्षकाची तयारी

विशेष गरजा असलेल्या लहान मुलांना शिकवायचं तर कोणता अभ्यासक्रम करावा, हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. जिथे काम करायचं तिथली नोंदणी संस्था, म्हणजे विशेष शिक्षकांची अधिकृत नोंद ठेवणारी संस्था, ज्याला मान्यता देते, तोच करा. ही मान्यता महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर विसंबून गृहीत धरू नका. नोंदणी संस्थेच्या यादीत स्वतः तपासा. अभ्यासक्रम बालवयासाठी आहे की शालेय वयासाठी, हेही बघा. शालेय वयाची पदवी असूनही तीन वर्षांच्या मुलासमोर काय करायचं ते कळत नाही, असं सर्रास होतं.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा. सराव पाठांत मी प्रत्यक्ष किती मुलांबरोबर काम करणार? आणि मी शिकवत असताना मार्गदर्शक वर्गात बसून बघणार का, की नंतर फक्त वहीवर सही करणार? या कामाची पात्रता सराव पाठांतच येते, म्हणून आज बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

पहिली तयारी सर्वसाधारण विकासाची. साधारण वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवू लागतं, दोन वर्षांचं दोन शब्द जोडतं. हे क्रम पक्के माहीत नसतील तर मागे पडलेलं नेमकं काय, ते दिसत नाही. हाक मारल्यावर मूल बघत नसेल, तर कुठलाही तर्क करण्याआधी कानांची तपासणी झाली आहे का ते विचारा. मधल्या कानात पाणी साठलं तर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. मूल एक दिवस प्रतिसाद देतं, दुसऱ्या दिवशी देत नाही आणि मोठ्यांना तो हट्टीपणा वाटतो. निदान करणं हे शिक्षकाचं काम नाही. आपण काय पाहिलं ते नेमकं सांगणं मात्र आपलंच काम.

म्हणून नोंद लिहायला शिका. ‘मूल चिडलं’ ही नोंद नव्हे, तो आपला निष्कर्ष झाला. ‘घंटा वाजली, त्याने कान झाकले, टेबलाखाली गेला, तीन मिनिटांनी बाहेर आला’ ही नोंद. आधी काय घडलं, मुलाने काय केलं आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केलं, या तीन रकान्यांतला शेवटचा रकाना नवशिके कोरा ठेवतात. वागणं का टिकून आहे, त्याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

आता प्रत्यक्ष शिकवणं. हात धुणं हे कौशल्य घ्या. नळ उघडणं, हात ओले करणं, साबण घेणं, तळवे चोळणं, हातांची मागची बाजू चोळणं, फेस धुणं, नळ बंद करणं, हात पुसणं असे टप्पे पाडा. शिकवायला लागण्याआधी मूल यातलं काय आपणहून करतं ते नोंदवा. ही नोंद नसेल तर पुढे प्रगती मोजणार कशाशी? पुष्कळदा शेवटून शिकवणं सोपं जातं. आधीचे सात टप्पे मदतीने करून घ्यायचे, पुसणं मात्र मुलाने स्वतः करायचं. ते जमलं की नळ बंद करणं. असं केलं की प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पुरं होतं.

चूक होते ती मदतीत. शिक्षक शेजारी उभे राहून ‘आता साबण घे, आता चोळ’ म्हणत राहतात. मग मूल सूचनेची वाट बघायला शिकतं, हात धुवायला नाही. तोंडी सूचना काढून घेणं फार अवघड जातं. त्यापेक्षा मागे उभं राहा, मनगटाला हलका आधार द्या. पुढे तो कोपरापाशी न्या, मग नुसता स्पर्श, मग काहीच नाही. प्रत्येक टप्प्याला मनात पाच आकडे मोजून थांबा. पाच सेकंद गप्प राहणं ऐकायला सोपं वाटतं, पण सराव पाठांत सगळ्यांत जास्त तेच चुकतं.

संवाद शिकवतानाही हेच. न बोलणाऱ्या मुलांसाठी अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये चित्रांच्या देवाणघेवाणीची ‘पेक्स’ पद्धत तयार केली. तिच्या पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात. समोरच्याकडे मुलाची आवडती वस्तू असते. मागचा माणूस मुलाने वस्तूकडे हात नेला की चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायला मदत करतो. मागच्याने बोलायचं नाही, समोरच्याने ‘काय हवं?’ विचारायचं नाही. चित्र हातात पडताच वस्तूचं नाव घेऊन ती लगेच द्यायची. प्रश्न विचारत राहिलात तर मूल विचारल्याशिवाय मागत नाही, आणि शिकवायचं होतं ते आपणहून मागणंच. चित्रांची वही उंच कपाटात ठेवणं ही दुसरी चूक. ती मुलाच्या हाताशी हवी, दिवसभर.

वर्गातल्या नळावर जमलं म्हणजे आलं, असं धरू नका. घरचा नळ फिरवायचा असेल, साबण बाटलीतला असेल. पालकांना बोलावून मदत कुठे द्यायची आणि कुठे थांबायचं ते त्यांच्या हातून करवून घ्या. शिकवणं थांबवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. सराव पाठांच्या वहीत हीसुद्धा तारीख हवी, आणि त्या दिवशी किती टप्पे मदतीशिवाय झाले, तो आकडाही.