फॉस्फेटचा जोड: हरगोविंद खोरानांची केमिस्ट्री

बारावीच्या बायोलॉजीतला तो तक्ता आठवतोय का, यूयूयू, यूयूसी, यूयूए असा चौसष्ट घरांचा, कुठल्या तीन अक्षरांना कुठलं अमिनो अॅसिड ते सांगणारा, पाठ करता करता डोकं फिरायचं तो? त्याच्या आसपास खोराना हे नाव येतं, एका ओळीत, नोबेल 1968, आणि आपण पान उलटतो. एमसीक्यूपुरतं तेवढं बास होतं. पण आम्हा केमिस्ट्रीवाल्यांना विचाराल तर हा माणूस आधी सांधेजोड करणारा कारागीर, बाकीचं सगळं नंतर. दोन रेणूंच्या मध्ये फॉस्फेटचा जोड बसवायचा, नेमका हवा तिथे, ही त्यांची कला. आणि ती ते डीएनएवर नाही, कोएन्झाइमवर, म्हणजे एन्झाइमला मदत करणाऱ्या छोट्या रेणूवर, शिकले.

मुलतान जिल्ह्यातलं रायपूर, आता पाकिस्तानात. शंभरेक माणसांचं गाव, वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी म्हणा, आणि गावात लिहिता-वाचता येणारं घर जवळपास हेच एक. शाळेची पहिली वर्षं झाडाखाली. मग लाहोरला एमएस्सी, सरकारी फेलोशिपवर लिव्हरपूल, तिथे 1948 ला पीएचडी, मग झुरिकला केमिस्ट व्लादिमीर प्रेलॉग यांच्याकडे. 1949 मध्ये हे सगळं घेऊन भारतात परत आले तर नोकरीच मिळेना. फाळणी होऊन गेलेली, गाव सीमेपलीकडे, हातात परदेशी डिग्री आणि काम नाही. शेवटी पुन्हा बोट, केंब्रिज.

केंब्रिजला तेव्हा अलेक्झांडर टॉड यांची लॅब म्हणजे न्यूक्लिओटाइडचं, म्हणजे डीएनए-आरएनएच्या एकेका अक्षराचं, माहेरघर. एटीपी, पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवून झालेलं, कोएन्झाइमांवर काम जोरात, टॉडना पुढे 1957 ला नोबेल मिळालं ते याच कामासाठी. खोरानांना तिथे नाद लागला. 1952 मध्ये कॅनडात व्हॅन्कुव्हरला रिसर्च कौन्सिलमध्ये जागा मिळाली, सोयी बेताच्या, पण काय करायचं ते तुम्ही ठरवा असं मोकळं रान. ते रान त्यांनी पुरेपूर वापरलं!

आता अडचण काय होती ते समजून घ्या. फॉस्फेट दुसऱ्या रेणूला जोडायचं म्हणजे मधून पाण्याचा एक रेणू बाहेर काढावा लागतो. तापवून काढावा तर हे नाजूक रेणू मोडतात. खोरानांनी हाताशी धरलं डायसायक्लोहेक्झाइलकार्बोडायइमाइड, नाव उच्चारता उच्चारता दम लागतो म्हणून सगळे डीसीसी म्हणतात. हे साहेब साध्या रूम टेम्परेचरला फॉस्फेटला पकडतात, ते पाणी स्वतःच्या अंगावर घेतात आणि पांढरा गाळ होऊन तळाशी बसतात, गाळून टाका, काम झालं. सोनार दोन कड्या झाळतो ना, तसं, फक्त आच न लावता.

पण नुसती झाळ येऊन भागत नाही, कारण या रेणूंना हात भरपूर आणि सगळेच जोडायला उतावीळ. मग घराला रंग देताना आपण स्विचबोर्डवर चिकटपट्टी लावतो तसं नको असलेल्या हातांवर केमिकल पट्टी लावायची, जोड करायचा, पट्टी सोलायची, आणि सोलताना जोड निघता कामा नये.

या सगळ्याची परीक्षा झाली कोएन्झाइम ए वर. तुम्ही भाकरी खा नाहीतर वडापाव, त्यातली साखर, तेल जाळायचं तर शरीरात दोन कार्बनचा तुकडा उचलून न्यायला एक हमाल लागतो, तो हा. 1940च्या दशकात फ्रिट्झ लिपमन यांनी शोधलेला. एका टोकाला अॅडेनोसिन, मध्ये दोन फॉस्फेट एकमेकांना चिकटलेली, पुढे व्हिटॅमिन बी-5 वालं पँटोथेनिक अॅसिड, आणि दुसऱ्या टोकाला सल्फर, म्हणजे आपल्या गॅस सिलिंडरला जो वास मारतात ना त्याच घराण्यातला. ओझं लटकतं ते या सल्फरला. हे सगळं नैसर्गिक मिळवायचं तर यीस्टमधून काढावं लागायचं, आणि ते महाग पडायचं.

1959 च्या सुमारास खोराना आणि जॉन मॉफॅट यांनी ते प्रयोगशाळेत उभं केलं. अवघड जागा मधली, दोन फॉस्फेटांमधला जोड. तिथे डीसीसी फक्त तयारीला, त्याने एका फॉस्फेटवर मॉर्फोलिन नावाचा छोटा रेणू बसवला, म्हणजे ते टोक अधीर झालं, आणि मग दुसरं फॉस्फेट समोर आलं की मॉर्फोलिन जागा सोडतं आणि दोघं जुळतात. शेवटी निघाले दोन जुळे, खरं कोएन्झाइम आणि त्याचा सख्खा भाऊ, फरक एवढाच की अॅडेनोसिनवरचं एक वेगळं, तिसरं फॉस्फेट शेजारच्या कार्बनवर बसलेलं. ते कॉलममधून, म्हणजे मिश्रण वेगळं करणाऱ्या नळीतून, वेगळे केले. मला तरी या कामातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो, जो पुस्तकात एक ओळही घेत नाही.

1960 ला ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले, आणि तीच झाळ आता साखळी करायला लागली, कारण डीएनए म्हणजे शेवटी न्यूक्लिओटाइडांच्या मध्ये फॉस्फेटचाच जोड, परत परत. छोटे तुकडे केमिस्ट्रीने बनवायचे, एन्झाइमांकडून वाढवून त्यांचा आरएनए करायचा आणि पेशीबाहेरच्या प्रोटीन बनवणाऱ्या मिश्रणात सोडायचा. यूसीयूसीयूसी अशी माळ दिली तर सेरीन, ल्यूसीन, सेरीन, ल्यूसीन असं आळीपाळीने प्रोटीन आलं. अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचली जात असतील तरच असं येणार, दोन-दोन वाचली तर एकच अमिनो अॅसिड आलं असतं. जीएयूए परत परत दिलं तर लांब प्रोटीन बनेचना, कारण मध्ये यूएजी येतं, ते पूर्णविरामाचं चिन्ह. असा तो तक्ता भरत गेला, एकट्याने नाही, मार्शल निरेनबर्ग यांचं काम शेजारी चालूच होतं, आणि 1968 चं नोबेल या दोघांना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळून.

हॉलींनी यीस्टच्या एका टीआरएनएमधली, म्हणजे अमिनो अॅसिड वाहून आणणाऱ्या छोट्या आरएनएमधली, अक्षरं ओळीने वाचून काढली होती, 77. खोरानांनी त्यावरून त्याचा जीन बांधायला घेतला, आणि 1970 ला तो झाला, माणसाने रसायनांपासून बनवलेला पहिला जीन. तो चालतो की नाही हे कळायला वेगळा जीन लागला, 207 अक्षर-जोड्यांचा, एमआयटीमध्ये, आणि 1976 ला तो बॅक्टेरियात खरंच चालला.

तेव्हा ज्याला वर्षं लागली ते आज मशीन करतं, पद्धतही वेगळी आहे, ती मार्व्हिन कॅरुथर्स यांनी काढली, आणि ते खोरानांकडेच पोस्टडॉक होते. कोविडच्या स्वॅब टेस्टमधले प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, अशाच मशीनवर बनलेले. डीसीसी मात्र अजून लॅबमध्ये आहे, अंगाला लागलं तर अॅलर्जी करतं म्हणून ग्लोव्ह्ज घालूनच, आणि ते 34 अंशांना वितळतं, त्यामुळे थंड देशात बाटली कोमट पाण्यात धरून सैल करावी लागते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये एसी बंद पडला की बाटलीत आपोआप पातळ झालेलं सापडतं.