फ्रिजच्या उजेडात

नमस्कार मंडळी, ऐकताय ना? आवाज जरा कमी केलात तरी चालेल, कारण आजचा विषय असाय की शेजारी कुणी बसलं असेल तर उगाच अवघडल्यासारखं होतं.

रात्रीचे साडेबारा, घरात सगळे झोपलेत आणि एक माणूस किचनचा लाईट न लावता फ्रिजच्या उजेडात उभ्याउभ्याच खातोय. भूक नाहीये, जेवून तीन तास झालेत, चवही लागत नाहीये, जे हाताला येईल ते गार तर गार, भराभर, कुणी हातातलं ओढून घेणार असल्यासारखं. मग रिकामा पुडा चुरगाळून डस्टबिनमधे पार तळाशी सारायचा आणि वरून जुना पेपर. तो माणूस मीच, तेव्हा वजन ११२ किलो, आणि सकाळी डोळे उघडले की पहिला निश्चय हा की आज दिवसभर काही म्हणजे काही खायचं नाही.

ह्याला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. बिंज ईटिंग डिसऑर्डर. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५९ मधेच याबद्दल लिहिलं होतं, पण डीएसएममधे, म्हणजे तिकडच्या मानसिक आजारांच्या अधिकृत पुस्तकात, स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळायला २०१३ उजाडलं. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही, नंतर स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून निदान एकदा असं तीन महिने चाललेलं असतं. लग्नात दोन घास जास्त गेले तर ते ह्यात धरू नका हं. आणि वजन जास्त म्हणजे हा आजार असणारच असंही नाही, सडपातळ माणसालाही होतो.

आता डिप्रेशन. माझी समजूत अशी की वजन वाढलं म्हणून मी उदास, वजन उतरलं की मनही ठीक होईल, पण गाडी दोन्ही बाजूंनी धावते. २०१० मधे १५ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात लठ्ठ माणसांना पुढे डिप्रेशन येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली आणि डिप्रेशन असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. झोप बिघडते, हालचाल कमी होते, लोकांचे टोमणे असतातच, वर डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही भूक वाढते, मिर्टाझापीन हे त्यातलं एक नाव. पण म्हणून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून मिळतात.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. १९४४-४५ मधे अमेरिकेत मिनेसोटात अॅन्सेल कीज या संशोधकांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, म्हणजे ते स्वतःहून तयार झाले होते, आणि ती मुलं उदास झाली, चिडचिडी झाली, दिवसरात्र जेवणाचाच विचार, आणि नंतर पुरेसं अन्न मिळायला लागल्यावरही काहीजण पोट तुडुंब भरलं तरी थांबेनात. ह्यांना आधी काहीही झालेलं नव्हतं! हे वाचलं तेव्हा माझा तो सकाळचा निश्चय आठवला, आज काहीच खायचं नाही, आणि रात्रीचा फ्रिज कुठून येतो ते कळलं. मला मात्र दहा वर्षं प्रत्येक ठिकाणी एकच ऐकवलं गेलं, तोंडावर ताबा ठेवा.

पुरुषांचं तर अजूनच अवघड. बाईने भरभर खाल्लं की सगळ्यांच्या भुवया वर, पुरुषाने खाल्लं की "खातो बाबा छान", त्यामुळे तिला लाज आणि ह्याला पत्ताच नाही. एनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढेल ह्या भीतीने खाणंच तोडायचं त्या आजारात, बायका खूपच जास्त दिसतात, बिंज ईटिंगमधे तेवढा फरक नाहीये, पण मदत मागायला पुरुष फारसे येत नाहीत.

उपचार आहेत. सीबीटी म्हणून बोलण्याची एक थेरपी आहे, तिची सुरुवात डाएटने होत नाही, वेळेवर खाण्याने होते, तीन जेवणं, मधे थोडं काहीतरी, तीन-चार तासांच्या वर गॅप नाही. मला वाटलं ही काय थट्टा, जाड माणसाला जास्त वेळा खा सांगताय! पण रात्रीचे ते झटके हळूहळू कमी झाले. वजन? फार उतरलं नाही, खरं तेच सांगतो, ह्या थेरपीने खाणं ताळ्यावर येतं, काटा बहुतेकदा तिथेच राहतो. पण जगणं नकोसं वाटायला लागलं असेल तर थेरपीच्या नंबरची वाट बघत बसू नका, आजच्या आज कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा.

थेरपीत एक वही ठेवायला सांगतात, कधी खाल्लं, कुठे, त्याआधी काय झालं होतं. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे, "रात्री १२.४०, किचन, उभ्याने, भूक नाही, संध्याकाळी ऑफिसात फोटो काढले." बायकोने विचारलं काय लिहितोयस, तर मी नेहमीसारखं "काही नाही" म्हणणार होतो. मग वहीच तिच्याकडे सरकवली.