युरेनियम नसलेली कांडी

[दृश्य: तापलेला तवा, पाण्याचे थेंब]

घावन घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडून बघतात. तवा बेताचा तापलेला असला की चुर्र करून पाणी उडून जातं. फार तापला असला की तेच थेंब गोळ्यांसारखे इकडेतिकडे पळत सुटतात, कारण त्यांच्याखाली वाफेचा थर तयार होतो आणि उष्णता त्यातून नीट पोचत नाही. आपण गॅस बारीक करतो नि विसरतो. अणुभट्टीत मात्र युरेनियम भरलेल्या, पाण्यात उभ्या इंधनकांडीवर असा थर धरला, की कांडीचं तापमान बघता बघता शेकडो अंशांनी चढतं.

१९३४ साली जपानमध्ये शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेल्या तारेत वीज सोडून हे पाहिलं होतं. उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की निक्रोमची तार वितळून तुटायची.

[दृश्य: कांडीचा उभा छेद]

खरी कांडी अशी जाळून बघता येत नाही. म्हणून थर नेमका किती उष्णतेला धरतो ते बघायला ही विजेवर तापणारी नकली कांडी, बिनयुरेनियमची. धातूच्या नळीत हीटरची कॉइल. कॉइल आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची किंवा बोरॉन नायट्राइडची ठासून भरलेली भुकटी. भुकटीचं काम अवघड आहे: वीज अडवायची, उष्णता जाऊ द्यायची. भट्टीत मधल्या भागात उष्णता जास्त, म्हणून कॉइलचे वेढेही मध्ये दाट, टोकांकडे विरळ. दुसरी पद्धत सरळ आहे: नळीच्याच भिंतीतून हजारो अँपिअर सोडायचे.

[दृश्य: तारापूरचा किनारा]

तारापूरला उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. भाभा अणुसंशोधन केंद्राने थोरियमवर चालणाऱ्या प्रगत भट्टीचा आराखडा केला, त्यात एका जुडग्यात ५४ कांड्या. त्या कांड्यांच्या चाचण्यांसाठी लूप, म्हणजे पाणी फिरवत ठेवणारं नळ्यांचं बंद वेटोळं, उभारला तोही तारापूरलाच.

तरी सोंग ते सोंगच. उकळत्या पाण्याच्या भट्टीत अणू फोडणारे न्यूट्रॉन पाण्यामुळे मंदावतात; वाफ वाढली की ते पुरेसे मंदावत नाहीत, कमी अणू फुटतात आणि शक्ती आपोआप उतरते. विजेच्या कांडीला हे कुठून कळणार? तिची वीज संगणकाने हिशेब करून कमी करावी लागते. भट्टी बंद झाल्यावरही सुरुवातीला सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते, तेव्हा चाचणीतही बटण एकदम बंद करून चालत नाही.

[दृश्य: पडद्यावर चढणारी रेघ]

वीज थोडी थोडी वाढवत नेतात. नळीच्या खाचेत बसवलेल्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेची, रेघ बराच वेळ आडवी चालते. मग एकदम उसळते, आणि कांडी जळायच्या आत ब्रेकर पडतो. वहीत उतरतो तो त्या घटकेचा किलोवॅटचा आकडा.